बरं आहे

डॉक्टरांनी चिठ्ठीवर आधी गोळीचं नाव लिहिलं, मग 'मीठ कमी', मग 'रोज अर्धा तास चालणे', आणि सगळ्यात खाली, सहीच्या जरा वर, दोनदा अधोरेखित करून लिहिलं, 'आनंदी राहणे'. मी सरकारी खात्यात ३४ वर्षं काढली आहेत. वाक्याच्या शेवटी 'णे' आलं की ते अंमलबजावणीसाठी असतं, हे मला न सांगता कळतं. 'अहवाल सादर करणे', 'टाकी साफ करून घेणे', 'आनंदी राहणे'. फरक एवढाच की टाकीचं काम दुसऱ्या विभागाकडे ढकलता येतं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"काय किती वेळा?"

"आनंदी. जेवणाआधी की नंतर?"

डॉक्टर हसले नाहीत. "काका, तुमचं प्रेशर १५० बाय ९६ आहे. मी गंमत करत नाहीये. खरं सांगा, तुम्ही आनंदी आहात का?"

"बरं आहे."

"बरं नका सांगू. आनंदी आहात का?"

बासष्ट वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. लग्नाच्या वेळी 'मुलगी पसंत आहे ना?' एवढं विचारलं होतं, पण तेही माझ्या वडिलांना. मी गप्प बसलो. तेव्हा डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. माणूस घाबरला किंवा चिडला की अंगात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर चढतं. समोर वाघ आला तर पळता यावं किंवा झुंजता यावं, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. "पण आता वाघ कुठे येतोय? तुमच्या शरीराला वाघ आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांच्यातला फरक कळत नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे."

हा फरक मलाही कधी कळलेला नाही. वाघ निदान थकबाकीवर २१ टक्के व्याज लावत नाही.

चिठ्ठी खिशात घालून घरी आलो खरा, पण आनंदाचं खातं आमच्या घराण्यात कधी कोणी उघडलेलंच नव्हतं. लहानपणी मोठ्याने हसलो की आजी विचारायची, "दात काढायला काय झालं?" थोडं जास्त हसलो तर भविष्य वर्तवायची, "हसा हसा, संध्याकाळी रडाल." मॅट्रिकला फर्स्ट क्लास आला तेव्हा आईने पेढ्यांचा पुडा उघडण्याआधी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. कुणी फारच खुशीत दिसला तर आमच्याकडे त्याला 'सुख दुखतंय का?' असं विचारतात. आणि 'सगळा आनंदीआनंद आहे' हे वाक्य तर मी उभ्या जन्मात सरळ अर्थाने ऐकलेलं नाही. कपाट उघडल्यावर कपडे अंगावर कोसळले की आनंदीआनंद. साहेब रजेवर, फाइल गहाळ आणि मंत्री दारात, की आनंदीआनंद. जी भाषा घोळाला आनंदीआनंद म्हणते, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने ही चिठ्ठी घेऊन कुठल्या दुकानात जायचं?

मुलगी बेंगळुरूला आयटीत आहे. तिने हे प्रकरण ताबडतोब हातात घेतलं. रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, एक शिडी डोळ्यासमोर आणा. खाली शून्य, वर दहा. सगळ्यात चांगलं आयुष्य म्हणजे दहावी पायरी. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?"

"या गुडघ्यांनी? मी खालीच उभा आहे, शिडी धरून. वर तुझ्या आईला चढवलंय, माळ्यावरचे डबे काढायला."

ती वैतागली. जगभरातल्या माणसांना हाच शिडीचा प्रश्न विचारून देशांची आनंदाची यादी लावतात म्हणे. तीत फिनलंड २०१८ पासून दर वर्षी पहिला येतो. २०२५ साली १४७ देशांत भारत ११८वा होता. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिकडे पाण्याचा टँकर मागवावा लागत नसेल." माझा संशय निराळा आहे. आपल्याकडे पाहणीवाला दारात आला आणि 'दहावी पायरी' असं सांगितलं, तर मागोमाग आयकरवाला येईल, ही भीती असते. शिवाय दृष्ट लागते ती वेगळीच.

मग मुलगी रोज काही ना काही पाठवू लागली. एकदा अमेरिकेतल्या जोगिणींची गोष्ट आली. एका संघातल्या १८० जोगिणींनी ऐन तारुण्यात, साधारण बाविसाव्या वर्षी, आपापल्या आयुष्याविषयी छोटे निबंध लिहिले होते. साठ वर्षांनी संशोधकांनी ते बाहेर काढले आणि त्यांत आनंदाची, कृतज्ञतेची, आशेची वाक्यं किती हे मोजलं. ज्यांच्या निबंधात अशी वाक्यं जास्त, त्या जास्त जगल्या. २००१ साली हे छापून आलं. सगळ्यांचं खाणंपिणं सारखं, राहणी एक, दिनक्रम एक. फरक काय तो निबंधात.

मी बाविसाव्या वर्षी काय लिहीत होतो, ते आठवून पाहिलं. नोकरीचे अर्ज. प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'कृपाभिलाषी'. ते अर्ज संशोधकांना सापडले तर याच्या आयुष्याचे हप्ते कधीच थकले असं म्हणतील.

दुसरी गोष्ट सर्दीची. २००३ साली शेल्डन कोहेन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३३४ धडधाकट माणसं गोळा केली, त्यांचा स्वभाव टिपून घेतला आणि त्यांच्या नाकात चक्क सर्दीचे विषाणू सोडले. जे एरवी आनंदी, उत्साही होते, त्यांना सर्दी कमी झाली. हे वाचून दाखवून मी मोठी चूक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तीन शिंका आल्या. बायकोने गॅस बंद केला.

"म्हणजे तुम्ही मनातून नाराज आहात."

"अगं, फोडणीचा ठसका आहे."

"माझी फोडणी पस्तीस वर्षं तीच आहे. नाराजी कधीपासून आहे ते सांगा."

त्या दिवसापासून मी शिंक आली की गॅलरीत जातो.

पण चिठ्ठीवर 'राहणे' होतं, 'वाचणे' नव्हतं. म्हणून कृती करायला निघालो. पहिला उपाय हास्यक्लब. आमच्या ठाण्यात तलावपाळीला सकाळी सहालाच माणसं हातवारे करत खदखदताना दिसतात. पूर्वी मी तिथून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरत असे. आता मात्र आत शिरलो. हा प्रकार आपल्या मुंबईचाच. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसं घेऊन एका बागेत तो सुरू केला. आधी रोज विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते बायकामाणसांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा कटारियांनी मार्ग काढला. विनोदाशिवायच हसायचं! खोटं हसलं तरी शरीराला फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या शरीराला वाघ आणि सेक्रेटरीतला फरक कळत नाही, खऱ्या आणि खोट्या हसण्यातलाही कळत नाही. असल्या शरीराच्या भरवशावर मी बासष्ट वर्षं काढली!

टाळ्या वाजवत 'हो हो, हा हा हा' झालं. मग लस्सीहास्य झालं. त्यात एका हातातल्या नसलेल्या पेल्यातून दुसऱ्या हातातल्या नसलेल्या पेल्यात नसलेली लस्सी ओतायची, आणि पिऊन हसायचं. डायबेटिसवाले त्यातही बेताने ओतत होते. मग सिंहहास्य. जीभ बाहेर, डोळे वटारलेले, हातांचे पंजे, आणि समोरच्याकडे बघून गर्जना. मी जीभ काढून गर्रकन वळलो, तर समोर तसाच जीभ काढून आमचा सेक्रेटरी. दोघांनी दोन सेकंद एकमेकांना पाहिलं. जीभ आधी कुणी आत घ्यायची हा प्रश्न होता. त्याने घेतली नाही, म्हणून मीही घेतली नाही. त्याच संध्याकाळी बोर्डावर नोटीस लागली, 'सभासदांनी जिन्यात सायकल ठेवू नये'. सायकल पूर्ण इमारतीत एकट्या माझी आहे.

दुसरा उपाय कृतज्ञतेची वही. हाही अमेरिकेतून आलेला. एमन्स आणि मॅक्‌कलॉ या दोघांनी २००३ साली दाखवलं की, आठवड्यातून एकदा मनापासून आभार मानावेत अशा पाच गोष्टी लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल बरं वाटायला लागलं, त्यांच्या दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या आणि व्यायामही वाढला. मी जुनी डायरी काढली आणि रविवारी संध्याकाळी पहिली नोंद केली:

१. पाणी पूर्ण दाबाने आलं.
२. कुकरची नवी रिंग नीट बसली.
३. वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग दुपारी थांबलं.
४. बायको.
५. दाढ दुखली नाही.

वही टेबलावर राहिली. बायकोने ती वाचली.

"चौथी? रिंगेच्या खाली?"

"क्रम महत्त्वाचा नाही गं."

"मग दाढेच्या वर कशाला घेतलीत? आणि पुढे एक शब्द नाही. रिंग 'नीट बसली', दाढ 'दुखली नाही'. मी काय केलं ते तरी लिहायचं!"

पुढच्या रविवारी मी तिला पहिल्या क्रमांकावर बढती दिली, सविस्तर कारणांसह. ती म्हणाली, "हे घाबरून लिहिलंय." तिचं खरंच होतं. वही बंद झाली. पण त्याच प्रयोगातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्यांनी दुसऱ्या एका गटाला आभारांऐवजी आठवड्याच्या पाच कटकटी लिहायला सांगितल्या होत्या, आणि तो गट मागे पडला. पडणारच! मला त्या गटात घेतलं असतं तर मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं असतं, बाबांनो, कटकट एकट्याने वहीत लिहायची नसते. ती चौघांत सांगायची असते.

तिसरा उपाय दुसऱ्यासाठी खर्च करणं. २००८ साली काही संशोधकांनी विद्यापीठातल्या मुलांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना सांगितलं स्वतःवर उडवा, काहींना सांगितलं दुसऱ्यावर उडवा. संध्याकाळी दुसऱ्यावर उडवणारे जास्त खूश. पाच काय नि वीस काय, फरक नाही. मी पाचवाला बेत निवडला. तलावपाळीला आमचा रोजचा बाक आहे. तिथे बसणारे आम्ही चौघं जण समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि ज्याचा तो पैसे देतो. त्या दिवशी मी चारही चहांचे पैसे दिले. शांतता पसरली. निवृत्त स्टेशनमास्तरांनी कप खाली ठेवला. "काय काम आहे, ते आधी सांगा." तळमजल्यावरच्या काकांनी हळूच विचारलं, "रिपोर्ट वाईट आलेत का?" तिसरे काहीच बोलले नाहीत, पण चहाही प्यायले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिघांनी आपापले बारा रुपये माझ्या हातात ठेवले, तेव्हा कुठे बाकावर पूर्वीसारखं वातावरण झालं.

महिना असा गेला. रोज सकाळी दात घासताना मी आरशात बघून स्वतःला विचारायचो, झालो का आनंदी? आणि रोज कालच्यापेक्षा जास्त चिडलेला माणूस आरशातून माझ्याकडे बघायचा. ही माझ्या एकट्याची गत नव्हती. आयरिस मॉस या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली नेमकं हेच तपासलं होतं. काही जणांना त्यांनी आनंद किती महत्त्वाचा आहे हे सांगणारा मजकूर वाचायला दिला, आणि मग एक छान आनंदी फिल्म दाखवली. ज्यांनी तो मजकूर वाचला होता, त्यांनाच फिल्मने कमी आनंद दिला. साहजिक आहे. बिचारे फिल्म बघायची सोडून आपण खूश झालो का ते बघत बसले असणार. आपल्याकडे याला सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात.

मुलगीही प्रामाणिक. तिने उलटं सांगणारेही कागद पाठवले. ब्रिटनमधल्या सात लाखांहून जास्त बायकांची पाहणी २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. तब्येत बिघडली की माणूस दुःखी होतो हे खरं, पण केवळ दुःखी आहे म्हणून कोणी लवकर मरत नाही, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. बायकोने तो मला दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "मग आता तोंड पाडून बसायला हरकत नाही."

आणखी एक कागद तर फारच भारी निघाला. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास हृदयाचा एक विकार नोंदवला. मोठा धक्का बसला की हृदयाचा खालचा भाग फुगून मडक्यासारखा होतो. जपानात ऑक्टोपस पकडायचं असं मडकं असतं, त्याला ताकोत्सुबो म्हणतात, तेच नाव विकाराला मिळालं. हा विकार दुःखाच्या धक्क्याने होतो असंच सगळे समजत होते. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी, मानसिक धक्क्याने असा झटका आलेल्या ४८५ रुग्णांची माहिती तपासली, तर त्यांतल्या २० जणांना तो आनंदाच्या प्रसंगी आला होता. वाढदिवस, मुलाचं लग्न, नातवंडाचा जन्म. मी आजीला मनोमन हात जोडले. "हसा हसा, संध्याकाळी रडाल" हे तिने कुठल्याही मडक्याशिवाय ओळखलं होतं. भाच्याचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. बायकोने बजावलं, "वरातीत नाचायचं नाही. नाक मुरडत बसा, तेच तुम्हाला मानवतं."

मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली आणि पूर्वीसारखा बाकावर जाऊन बसू लागलो.

या बाकाविषयी थोडं सांगायला हवं. इथे रोज सकाळी सात ते आठ तक्रारींचं कामकाज चालतं. क्रम ठरलेला. आधी पाणी, मग गुडघे, मग सुना आणि जावई, मग रीडेव्हलपमेंट. रीडेव्हलपमेंट शेवटी घेतात, कारण तो विषय संपत नाही. एक अलिखित नियम आहे. कुणीही कुणाच्या तक्रारीवर उपाय सुचवायचा नाही. एकदा एक नवे गृहस्थ आले आणि स्टेशनमास्तरांना म्हणाले, "पण तुम्ही सरळ कंत्राटदार का बदलत नाही?" ते पुन्हा दिसले नाहीत. तक्रार सोडवायची नसते, ती लाडूसारखी वळायची असते. रोज थोडं तूप घालून. "हो ना", "अगदी", "आमच्याकडे तर त्याहून" या तीन शब्दप्रयोगांवर हा एक तास चालतो. आणि आठ वाजता आम्ही उठतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळलेले असतात.

एका सोमवारी स्टेशनमास्तर आले नाहीत. मंगळवारी पण नाहीत. फोन उचलत नव्हते. बाकावरची त्यांची जागा आम्ही मोकळीच ठेवली. कामकाजही नीट होईना. पाण्याचा विषय निघाला, पण टँकरच्या लॉबीवर बोलणारा माणूसच नव्हता. बुधवारी तिघं त्यांच्या घरी धडकलो, तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, न्यूमोनिया झालाय, हॉस्पिटलात आहेत, मुलगा अमेरिकेहून निघालाय.

भेटायच्या वेळेत गेलो. मास्तर पलंगावर उशीला टेकून पडले होते. हाताला सलाइन, नाकाला नळी, दाढी वाढलेली, आणि चाळीस वर्षं स्टेशन गाजवणारा आवाज पार बसलेला. आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो. काय बोलावं सुचेना. त्यांनी डोळे उघडले, एकेकाकडे बघितलं.

"आलात? बरं वाटलं."

मग जरा दम घेऊन म्हणाले, "इथला चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी आहे. आणि तो पंखा बघा. रात्रभर कुई कुई करतो." तळमजल्यावरचे काका इतक्या आनंदाने "हो ना!" म्हणाले की नर्सने आत डोकावलं. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या पंख्याची यथेच्छ निंदा केली. मी निघताना नर्स म्हणाली, "बाबा दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलले."

रिक्षात बसल्यावर मला ते वाक्य परत ऐकू आलं. ज्याला बरं नव्हतं, तोच म्हणत होता बरं वाटलं. ताप उतरला की 'बरं वाटतंय' म्हणतो आपण, आणि जिवाभावाचं माणूस दारात दिसलं की 'आलास, बरं वाटलं' म्हणतो. तब्येत आणि खुशी, दोन्हींना शब्द एकच. आणि मी महिनाभर आनंद शोधत होतो.

हार्वर्डच्या लोकांना हे कळायला बराच काळ लागला. १९३८ सालापासून त्यांनी आपल्या विद्यापीठातले २६८ विद्यार्थी निवडले. पुढे जॉन केनेडी म्हणून राष्ट्राध्यक्ष झालेला पोरगाही त्यांत होता. नंतर बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं जोडली. त्यांचं रक्त, नोकरी, बायका, भांडणं, सगळं ऐंशीहून अधिक वर्षं तपासलं. रॉबर्ट वॉल्डिंगर हे सध्या त्या कामाचे प्रमुख. ते सांगतात की पन्नाशीतल्या माणसाचं कोलेस्टेरॉल बघून तो ऐंशीला कसा असेल हे कळलं नाही, पण त्याचं आपल्या माणसांशी कसं जमतं हे बघून कळलं. ज्यांचं जमलं, त्यांची तब्येत टिकली. रोज गोडीगुलाबी हवी असंही नाही. तोंडाने भांडत असले तरी चालेल, वेळेला धावून येईल याची खात्री हवी. आमच्या बाकाचं वर्णन कोणी इतक्या लांबून केलेलं मी पहिल्यांदाच वाचलं.

मास्तर अकराव्या दिवशी घरी आले. विसाव्या दिवशी बाकावर. आल्या आल्या त्यांनी हॉस्पिटलच्या बिलाचा विषय काढला, आणि तो आम्हाला चार दिवस पुरला.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला. १३२ बाय ८४. गोळी चालू होती हे मी लपवत नाही, आणि मीठही कमी झालं होतं, कारण बायकोने बरणीच उंच फळीवर ठेवली. पण डॉक्टर खूश झाले. "बघा! आनंदी राहताय, दिसतंय."

"कसला आनंद, डॉक्टर? आज तुमच्या दारात रिक्षा लावू देईनात. वॉचमन म्हणतो, पुढे जा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मलाही म्हणतो! माझ्याच क्लिनिकसमोर! परवा सोसायटीने नोटीस काढली, पेशंटांच्या चपला जिन्यात नकोत म्हणून."

"सेक्रेटरी?"

"सेक्रेटरी."

"आमच्याकडे तर त्याहून," मी खुर्ची पुढे ओढली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी चहा मागवला. आधी पाणी झालं, मग त्यांचे गुडघे, मग रीडेव्हलपमेंट. मी कुठलाही उपाय सुचवला नाही. वीस मिनिटांनी नर्सने दार किलकिलं केलं. बाहेर एकोणीस पेशंट खोळंबले होते. मघापर्यंत जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. आता एक आजी डॉक्टरांच्या वेळेविषयी बोलत होत्या, शेजारचे दोघं 'अगदी' म्हणत होते, आणि कोपऱ्यातला तापाचा पोरगा सरसावून बसत 'आमच्याकडे तर त्याहून' अशी सुरुवात करत होता.

"काय चाललंय बाहेर?" डॉक्टरांनी विचारलं.

नर्स म्हणाली, "सगळा आनंदीआनंद आहे."